खिळ्यावरचा मासा

आमच्या बेटावर मला भोंगा म्हणतात. धुकं उतरलं की धक्क्यावरचा भोंगा जसा ओरडतो तसा माझा आवाज आहे, असं लोकांचं म्हणणं. म्हणोत बापडे. ज्या बेटावर निम्मी माणसं मिठाची गुळणी धरून बसलेली असतात, तिथं कुणीतरी बोलायला नको का? मी तोंड उघडलं नसतं तर माझी नणंद त्या दिवशी मुकाट्यानं लाँचमध्ये चढून गेली असती. अर्थात खरं बोलली ती स्वतःच. पण सुरुवात माझी होती, एवढं श्रेय मी घेणारच.

नणंदेचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. मी तिला वन्सं म्हणते, तोंडावर अहोजाहो करते आणि मनात अगंतुगं. बेटावर तिच्यासारखं जाळं कुणी शिवत नाही. फाटलेलं जाळं घेऊन होडीवाले तिच्या ओट्यावर येतात, ती सुई चालवते आणि ते गप्पा मारतात. ती बोलते कमी, हसते जास्त. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, तेव्हा तिचा मुलगा भिंतीला धरून उभा राहायला शिकत होता. आता तो मुलगा पलीकडच्या किनाऱ्यावर जहाजांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्याचं लग्न झालंय, आणि सुनेला दिवस गेलेत.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरचा माणूस समुद्रावरून परत येत नाही, त्या घराच्या दाराशेजारी लोक एक मोठा खिळा ठोकतात. सकाळी होड्या लागल्या की ज्याची पाळी असेल तो मासा आणून, कल्ल्यातून सुतळी ओवून, त्या खिळ्याला अडकवून जातो. दार वाजवायचं नाही. आतल्या माणसानं पावलं लांब जाईपर्यंत दार उघडायचं नाही. कोणी दिला ते विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, नको म्हणायचं नाही. म्हणजे घेणाऱ्याला मान खाली घालायला नको आणि देणाऱ्याला छाती फुगवायला नको. आमच्या बेटावर शहाणपणाच्या गोष्टी फार नाहीत, पण ही एक आहे. पुढं घरातलं पोर कमावतं झालं की घरची बाई आपल्या हातानं तो खिळा उपटून काढते. खिळा निघाला की पाळी संपली.

वन्संचा मुलगा कामाला लागला तसे होडीवाले एकेक करून थांबले. आता वन्संनी खिळा काढायचा, एवढंच उरलं होतं. तो वन्संनी काढला नाही. आणि एक मासा यायचा थांबला नाही.

तो मासा आणायचा घुम्या. त्याला त्याच्या आईनंसुद्धा घुम्याच म्हटलं असेल, कारण दुसरं नाव कुणी ऐकलेलं नाही. मी त्याला भावजी म्हणते. उंच, जरा वाकलेला, एकट्याची छोटी होडी, आणि बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'बरं'. हे तीन शब्द तो दिवसभर पुरवून वापरतो. वन्संच्या नवऱ्याचा तो होडीवरचा जोडीदार. ती होडी गेली त्या दिवशी घुम्याची दाढ सुजली होती, म्हणून तो घरी राहिला. लोक म्हणतात, त्या दुःखापायी तो मासा आणतो. मला नाही पटत. पश्चात्तापाचा मासा एखाद वर्ष येईल, फार तर दोन. पोर मोठं होऊन त्याला मिशा फुटेपर्यंत काही येत नाही.

आणि मासा तरी कोणता? शंभरकाट्या! नावातच सगळं आलं. चवीला गोड, पण एकेका घासातून काटे काढता काढता जेवणाचा उपास होतो. तो जाळ्यात येत नाही. बेटाच्या मागं, जिथं लाटा उलट्या फिरतात त्या खडकाशी होडी सांभाळत गळ टाकून बसावं लागतं. तिकडं घुम्याशिवाय कुणी जात नाही. सगळ्या होड्या लागून गेल्या, ऊन पाण्याच्या टाकीपर्यंत चढलं, की त्याची होडी खोकत खोकत यायची. मग गल्लीत त्याची पावलं, खिळ्यापाशी जरा थांबलेली, आणि मग परत गेलेली.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वन्संची आतली खोली दिसते. मी मुद्दाम बघत नाही. पण डोळे आहेत, ते काय चुलीत घालू? तर त्या वेळेला वन्सं हातातली सुई खाली ठेवायच्या, आरशापुढं उभ्या राहून केस विंचरायच्या आणि बंद दाराच्या आत जाऊन उभ्या राहायच्या. पावलं यायची, थांबायची, जायची. मग त्या दार उघडायच्या. आता मला सांगा, दार जर उघडायचंच नाही, तर केस कशाला विंचरायचे?

त्यानं मासा थांबवला नाही आणि हिनं खिळा काढला नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

आता यातली गंमत पुढं आहे. वन्संना शंभरकाट्या आवडत नाही. आवडत नाही म्हणजे भीती वाटते. लहान असताना त्याचा काटा घशात अडकला होता, जीव जायची वेळ आली होती. खिळ्यावरच्या माशाला नको म्हणता येत नाही, पण पुढं त्याचं काय करायचं याबद्दल रीत काही बोलत नाही. तेव्हा मागच्या बुटक्या भिंतीवरून तो मासा रोज माझ्या हातात यायचा. "वहिनी, घे गं," एवढंच. आमच्या ह्यांचा शंभरकाट्यावर भारी जीव. पाय पसरून, काटा काटा ताटाच्या कडेला मांडून, तासभर जेवतात. एवढी वर्षं घुम्यानं उलट्या पाण्यात जीव टांगणीला लावून जो मासा पकडला, तो माझ्या नवऱ्याच्या पोटात गेला. माझा नवरा अंगानं भरला तो कुणाच्या जिवावर, हे बेटावर फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

घुम्याला वाटत होतं वन्संना तो आवडतो. का, तर वन्सं नव्या नवरी असताना त्यांच्या सासूबाईंनी हौसेनं शंभरकाट्या रांधून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "कसा झालाय गं?" नवी नवरी काय सांगणार? म्हणाल्या, "असा मासा रोज मिळाला तर मी दुसरं काही मागणार नाही." पंगतीच्या टोकाला घुम्या जेवत होता. त्यानं ते ऐकलं आणि गाठीला बांधलं. काही माणसं बोलत नाहीत, पण त्यांचे कान फार तिखट असतात.

मी किती वेळा म्हटलं, "वन्सं, एकदा सांगून टाका ना त्यांना."

"कुणाला?" सुईत दोरा ओवत त्या म्हणायच्या.

"ज्यांना सांगायचं त्यांना."

"कोण देतं ते मला काय ठाऊक, बाई?"

आणि कानाच्या पाळ्या लाल. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण ह्या दोघांनी एवढी वर्षं कोंबडं झाकून धरलं खरं.

आणखी एक. बेटावरचा प्रत्येक होडीवाला काही ना काही फाटलं की वन्संच्या ओट्यावर येऊन बसतो. घुम्या तेवढा नाही. गळ टाकणाऱ्याकडं जाळं कुठलं? आणि जाळं नाही तर फाटणार काय? तिच्यासाठी गळाचा मासा धरायचा म्हणून त्यानं जाळं सोडलं, आणि जाळं सोडलं म्हणून तिच्या ओट्यावर बसायचं निमित्त गेलं. असली अक्कल देव फक्त पुरुषांनाच देतो.

मग मुलगा आला. आठवड्याच्या लाँचनं, बर्फाच्या लाद्यांबरोबर. येताना आईला गरम शाल, मामाला टॉर्च आणि मला मोठ्या दांड्याची कढई. पोर गुणी आहे, त्याच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. दोन दिवस त्यानं घराचे कोयंडे बसवले, पत्र्याचं छप्पर ठोकून घट्ट केलं, आणि मग आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, आता पुरे झालं. बाळ येईल, घरात तू हवीस. खोली छोटी आहे, पण तुझी पथारी खिडकीपाशी लावून ठेवलीय. पुढच्या लाँचनं माझ्याबरोबर चल. कायमचीच."

वन्संनी हातातलं जाळं मांडीवर ठेवलं. "बरं," म्हणाल्या.

बरं! मला तिथल्या तिथं घुम्याची आठवण झाली. दोघांनी एकाच दुकानातून शब्द आणलेत.

मुलगा मामाबरोबर धक्क्यावर गेल्यावर मी वन्संपुढं जाऊन बसले. "तुम्हाला जायचंय का?"

"लेक बोलावतोय. सून अवघडलेली. आईनं जायला नको?"

"बाळंतपणाला जायला हवंच. मी विचारतेय कायमचं जायचंय का?"

त्या सुईच्या टोकानं जाळ्याची गाठ उकरत म्हणाल्या, "इथं थांबायचं तर लेकाला कारण काय सांगू, वहिनी? खिळ्याला एक मासा येतो म्हणून? तोही न आवडणारा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हे बोलल्या. माझा भोंगा एकदम बंद झाला. मी त्यांचा हात धरला. सुतानं कापून कापून त्यांची बोटं खरखरीत झालीत.

"मग त्यांच्याशी बोला," मी म्हणाले.

"काय बोलू? इतकी वर्षं बोललो नाही तेच बरं चाललंय. बोललं आणि मोडलं तर?"

"आणि न बोलता लाँच सुटली तर?"

त्यांनी परत जाळं उचललं.

मला कुठं चैन पडतंय! दुसऱ्या दिवशी मासा लावून घुम्या परत धक्क्यावर गेला, तशी मी बादली घेऊन मागोमाग गेले. तो होडीत बसून लाकडी फिरकीवर दोर गुंडाळत होता. खिळ्याविषयी अवाक्षर काढायचं नाही ही रीत, आणि मी रीत मोडणारी नाही. मी बर्फवाल्याकडं तोंड केलं आणि बर्फवाल्याला म्हटलं, "पुढच्या लाँचला जागा ठेवायला सांगा हो. आमच्या वन्सं लेकाबरोबर जाणार. कायमच्या."

बर्फवाला दचकला, कारण तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी बोलले ते पार लाँचच्या थांब्यापर्यंत गेलं. मी तिरक्या नजरेनं होडीकडं बघितलं. घुम्याच्या अंगठ्यात गळ रुतला होता. जन्मभर गळ हाताळलेल्या माणसाच्या! त्यानं तो शांतपणे उलटा फिरवून काढला, अंगठा खाऱ्या पाण्यात बुडवला आणि माझ्याकडं बघितलं.

"बरं," म्हणाला.

दगड! दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला नाही, असं मी वाटभर पुटपुटत आले.

आणि दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा.

वन्संनी केस विंचरले. दाराच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. ऊन टाकीवर चढलं, टाकी ओलांडून पुढं गेलं. गल्लीत पोरांची पावलं आली, कुत्र्याची आली, ती पावलं काही आली नाहीत. खूप वेळानं त्यांनी दार उघडून खिळ्याकडं बघितलं आणि परत लावून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी केस विंचरले नाहीत, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली.

मी ते खिडकीतून बघितलं आणि मला रडू आलं. राग पण आला. खरं तर मला त्या दोघांत फरक करता येत नाही, दोन्ही एकाच भांड्यातून उकळून वर येतात. तेवढ्यात आमचे हे जेवायला बसले आणि म्हणाले, "आजही नाही का मासा?"

"नाही!" मी कढई अशी आपटली की त्यांनी पुढं पाणीसुद्धा मागितलं नाही.

घुम्या कुठं होता? तो पहाटे सगळ्यांच्या आधी होडी काढायचा आणि दिवस मावळताना परत यायचा. आल्यावर सरळ आपल्या घरी, दार बंद. वन्संनी समजून घ्यायचं ते समजून घेतलं. मला फक्त म्हणाल्या, "जाणाऱ्याच्या दारावर कोण मासा लावेल? रीतीला धरूनच आहे." हे त्यांनी इतक्या समंजसपणे म्हटलं की मला घुम्याचं घर जाऊन पेटवावंसं वाटलं.

जायच्या दिवशी सकाळी मुलगा पक्कड घेऊन दाराशी उभा राहिला. "आई, हा खिळा काढून टाकू? कशाला आता?"

"राहू दे," वन्सं झटकन म्हणाल्या. "गिलावा निघेल."

पोरानं खिळ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि पक्कड खिशात घातली. तेव्हा मला वाटलं, हा पोरगा दिसतो तेवढा साधा नाही.

धक्क्यावर सगळी गल्ली आली होती. ज्यांची जाळी वन्संनी शिवली ते सगळे होडीवाले पाय घोटाळत उभे. कुणी लिंबं दिली, कुणी शिंपल्यांचा डबा. वन्संनी घराची किल्ली माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. पेटी लाँचमध्ये चढली होती. मी डोळे पुसायला तोंड समुद्राकडं वळवलं, तर बेटाच्या टोकाला वळसा घालून एक होडी येत होती, खोकत खोकत.

ती लागायच्या आधीच घुम्यानं धक्क्यावर उडी मारली. खांद्यावर ही एवढी टोपली. केस मिठानं पांढरे, डोळे तांबारलेले. माणसं आपोआप बाजूला झाली. तो वन्संसमोर आला आणि टोपली त्यांच्या पायाशी ठेवली. वरचं फडकं काढलं. टोपली काठोकाठ शंभरकाट्यानं भरलेली. प्रत्येक मासा चिरून, साफ करून, मीठ लावून वाळवलेला, शेपट्या एका बाजूला करून ओळीनं रचलेला.

"तिकडं हा मिळत नाही," घुम्या म्हणाला.

वन्संनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. घुम्या आणखी बोलला. "रोजचा रोज लावत बसलो असतो तर एवढे जमले नसते. म्हणून चार दिवस खाडा केला. बरेच दिवस पुरतील."

म्हणजे दिवस दिवस तो त्या उलट्या पाण्यात बसून होता, आणि दार बंद करून मासे चिरत होता, आणि मी त्याला दगड म्हणत होते! मी माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. आमच्या गल्लीनं असं दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं.

"इतके?" वन्सं कशाबशा म्हणाल्या.

"तुम्हाला आवडतो ना. त्या जेवणात म्हणाला होतात. रोज मिळाला तर दुसरं काही मागणार नाही."

वन्संचा चेहरा आधी आक्रसला. मला वाटलं, आता रडणार. पण त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली टोपलीपाशी बसल्या आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तरी हसू थांबेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते मी सासूबाईंना बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं! मला नाही हो आवडत हा मासा. कधीच नाही आवडला. मला ह्याच्या काट्यांची भीती वाटते."

घुम्या बघतच राहिला. "मग इतकी वर्षं...?"

"इतकी वर्षं माझ्या भावानं खाल्ला."

सगळ्यांच्या माना आमच्या ह्यांच्याकडं वळल्या. हे ढग बघायला लागले. आकाशात एकही ढग नव्हता.

कुणीतरी मागं खुदकन हसलं, पण घुम्याचं तोंड बघून तेही गप्प झालं. तो रागावला नव्हता. आपला पाय जिथं टेकलाय तो खडक नसून नुसती वाळू आहे, असं कळल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा उभा होता.

"सांगितलं का नाही?" त्यानं हळू विचारलं.

"खिळ्यावरच्याला नको म्हणायचं नसतं ना." वन्संनी डोळे पुसले. मग मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि नको म्हटलं, आणि तुम्ही यायचेच थांबलात तर?"

मी एवढी बोलणारी बाई, पण इतकं मोठं वाक्य मला जन्मात बोलता आलं नाही.

लाँचवाल्यानं शिटी मारली. एकानं त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं. घुम्या टोपलीच्या पलीकडं उकिडवा बसला, वन्संच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला.

"मग कोणता आवडतो?" त्यानं विचारलं.

वन्सं बोलायला गेल्या आणि थांबल्या. कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागल्या. आईच्या घरी बापाला आवडेल ते शिजायचं, सासरी नवऱ्याला आवडेल ते, नंतर खिळ्याला येईल ते. "मला सांगता येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या, जरा आश्चर्यानंच. "कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतोय," घुम्या म्हणाला. तो वहिनी म्हणाला नाही. आजवर लांबून का होईना, दुसऱ्यांशी बोलताना तो त्यांना वहिनीच म्हणत आलेला. मी ते बरोबर लक्षात ठेवलं.

वन्सं उठल्या, अंगावरची धूळ झटकली आणि मुलाकडं वळल्या. "बाळा," एवढंच म्हणून थांबल्या. तोंड एवढंसं झालं होतं, आपणच काही चोरी केल्यासारखं.

मुलगा आधीच लाँचमध्ये उतरला होता. आम्ही सगळे बघत होतो. त्यानं आईची पत्र्याची पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि परत धक्क्यावर आणून ठेवली. "तू खिळ्याला हात लावू दिला नाहीस तेव्हाच मला वाटलं होतं," तो म्हणाला. "बाळंतपणाला मात्र यायचं हं. मी न्यायला येईन, आणि परत सोडायलाही येईन."

"येणार रे," वन्संनी त्याचं डोकं खाली ओढून छातीशी धरलं. केवढा मोठा पोरगा, पण वाकला बिचारा.

आमच्या ह्यांनी तेवढ्यात हळूच टोपलीकडं हात नेला. म्हणजे बघा, जित्याची खोड! पण भाच्यानं ती आधीच उचलली. "ही मी नेतो, मामा. माझ्या बायकोला काटे चालतात." लाँच सुटली तेव्हा तो मागच्या बाजूला टोपली मांडीवर घेऊन बसला होता आणि हात हलवत होता. दिसेनासा होईपर्यंत वन्सं उभ्या होत्या. घुम्या त्यांच्यापासून चार हातांवर, तोही समुद्राकडंच बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. मुद्दाम होते, आता लपवायचं काय? होड्या लागल्या आणि या खेपेला घुम्याची होडी सगळ्यांबरोबरच लागली. पावलं गल्लीत आली, खिळ्यापाशी थांबली. बराच वेळ थांबली. माझी चुलीवरची फोडणी जळायला लागली तरी मी हलले नाही.

मग दार वाजलं. एकदाच, हलकं, पण वाजलं. त्या दाराला बाहेरून बोट लागलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. वन्संनी केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. समोर घुम्या, हातात चपटा, चंदेरी मासा, सुतळीशिवाय, नुसत्या तळव्यांवर धरलेला.

"हा?" त्यानं विचारलं.

"बघते," वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दार वाजतं. कधी लांबट, कधी तांबडा, कधी मिशाळ. बेटाच्या चारी बाजूंनी जे जे पोहतं ते घुम्या एकेक करून आणतो. गेल्या आठवड्यात त्यानं एक जुनं जाळंही कुठूनतरी पैदा केलं, आणि ते बघता बघता फाटलं. आता तो दुपारी वन्संच्या ओट्यावर बसतो, त्या शिवतात, आणि चक्क त्याचा आवाज ऐकू येतो. आमच्या घरात शंभरकाट्या शिजायचा बंद झाला, आमचे हे जरा वाळलेत, त्याला माझा इलाज नाही.

काल वन्सं माझ्याकडं पक्कड मागायला आल्या. नंतर बघितलं तर दाराशेजारी खिळा नव्हता, नुसतं भोक. गिलावा काही निघाला नव्हता. मागच्या भिंतीपाशी जाऊन मी एवढंच विचारलं, "आजचा मासा कसा होता, वन्सं?"

"फार छान होता गं," त्या ताट विसळत म्हणाल्या. "इतका चांगला मासा मी कधी खाल्ला नव्हता."

"मग सांगा की त्यांना, हाच आवडतो म्हणून! किती शोधायला लावणार त्यांना?"

वन्संनी ताट भिंतीवर पालथं घातलं आणि गालातल्या गालात हसल्या. "इतक्यात कशाला सांगायचं? समुद्रात अजून मासे काय थोडे आहेत, वहिनी?"